दार वाजल्याशिवाय

चौतीस पायऱ्या. खाली जहाजांच्या दोरखंडांचं दुकान होतं,
त्याचा डांबरी वास अजून सतराव्या पायरीला चिकटून आहे.
ग्रिम्सबीचा पत्रकार क्लब. स्थापना एकोणीसशे बावीस,
सभासद तेव्हा एकतीस.
आज सहा, त्यातल्या दोघांना जिना चढवत नाही.

मी खजिनदार. म्हणजे बिस्किटांचा डबा
आणि इतिवृत्ताच्या नऊ वह्या.
बाबा परभणीला छापखान्यात खिळे जुळवायचे,
उलटी अक्षरं सुलट वाचायची सवय मला तिथली.
वह्याही मी तशाच वाचते,
लिहिलंय त्याच्या पाठीमागून.

"महिलांच्या प्रवेशाचा विषय पुढे ढकलला."
अकरा वर्षं, दर मार्चमध्ये, हेच वाक्य.
ती अकरा वर्षं ईनिड ड्रूरी
मासळीबाजाराचे भाव जिन्यात बसून लिहायची,
गुडघ्यावर वही, अंगात ओव्हरकोट,
वरून कुणी उतरला की
न बघता पाय आवरून घ्यायची.
एकाहत्तर साली आत घेतलं. "एकमताने."
ईनिड म्हणते, त्या रात्री हीटर बंद होता,
जिन्यातच बरी होते मी.

नियमावलीत बावन्न कलमं.
वर्गणी, पत्ते, बिलियर्डच्या टेबलावर ग्लास ठेवल्यास दंड.
त्रेपन्नावं कुठेच लिहिलेलं नाही.
ते भिंतीवरच्या फळ्याला ठाऊक होतं:
परतायला उशीर झालेल्या ट्रॉलरांची नावं तिथे खडूनं मांडायचे,
आणि बोट गेली असं कळलं तरी
मिशनचा माणूस घरोघरी जाऊन
दार वाजवून येईपर्यंत
माणसाचं एक नाव छापायचं नाही.
एकमेकांच्या बातम्या चोरणारी माणसं ही,
टोप्यासुद्धा चोरायची.
पण हे पाळायची.

'कर्लू पॉइंट' आइसलँडजवळ बर्फाच्या ओझ्यानं उलटली, त्या रात्री
घरं एकोणीस, आणि मिशनचा माणूस एकटा, सायकलवर.
लंडनहून फोन आला. एका नावाला पाच पौंड.
विल्फ स्टॅम्परनं शांतपणे ऐकून घेतलं,
रिसीव्हर हिरव्या टेबलावर आडवा ठेवला
आणि क्यूच्या टोकाला खडू लावत बसला.
लंडन बराच वेळ चेंडूंशी बोलत राहिलं.
मग कुणीतरी तार उपटली.
वहीत त्या तारखेला एवढंच आहे:
"टेलिफोन दुरुस्ती, चार शिलिंग."

लंडनच्या पेपरात नावं आलीच, कुठूनतरी. दोन चुकीची.
बरोबर नावांत एक विल्फच्या मेव्हण्याचं.
हे वहीत नाही, ईनिडनं सांगितलं.
बहीण चार गल्ल्या पलीकडे राहायची.
तो खडू लावत बसला.
"तू यायला हवं होतंस,"
ती त्याला मरेपर्यंत म्हणत राहिली,
आणि यावर क्लबात कुणी कधी ठराव मांडला नाही.

माझ्या भावाची बातमी मला बसमध्ये कळली.
शाळेच्या ग्रुपवर, जोडलेल्या हातांच्या रांगेत,
वहिनीचा फोन यायच्या चाळीस मिनिटं आधी.
खाली लगेच कुणीतरी मेथीच्या लाडवांची कृती टाकलेली.
मी ती पूर्ण वाचली. पाव किलो डिंक.
तीन स्टॉप पुढे गेले.
रागवायचं कुणावर?
नियम मोडायला आधी क्लब लागतो.

आज गुरुवार. विषय: बिलियर्डचं टेबल विकणे.
फळा आहे अजून, त्यावर वाय-फायचा पासवर्ड.
शहाऐंशीची ईनिड माझ्याआधी पोचते, पायऱ्यांना शिव्या घालत.
किल्ली माझ्याकडेही आहे,
तरी वर गेले की मी दार वाजवते.

"उघडंच आहे गं," ती आतून ओरडते.
मग जरा थांबून,
"कोण गेलं?"